उभा राहत नाही, पण चालेल

कारखान्यात तपासणीच्या टेबलावर पूर्वी दोनच ट्रे असत. उजवीकडे हिरवा, पास झालेल्या मालाचा. डावीकडे लाल, रद्द मालाचा. तपासनीस तिथं बावीस वर्षं बसत होता आणि त्याच्या दोन्ही हातांना या दोनच दिशा ठाऊक होत्या. मग एका सोमवारी टेबलाच्या बरोबर मध्ये, त्याच्या पोटाला टेकेल असा, एक पिवळा ट्रे येऊन बसला. नव्या साहेबांनी स्वतःच्या अक्षरात त्यावर पट्टी चिकटवली होती : चालेल.

"चालेल म्हणजे काय हो साहेब?" त्यानं विचारलं.

"चालेल म्हणजे चालेल. अगदी उत्तम नाही, पण फेकून देण्यासारखंही नाही. घरी नाही का आपण म्हणत, मीठ जरा कमी आहे, पण चालेल?"

"आणि या ट्रेतला माल जाणार कुठं?"

"पासमध्येच की! जाणार कुठं?"

कारखाना पूर्वी नुसत्या खेळण्यातल्या गाड्या बनवायचा; त्यांचा एक विभाग अजून होता, पण मुख्य माल आता ॲक्शन फिगर. वीतभर उंचीचे योद्धे, सेनापती, राण्या. मानेला, कोपराला, गुडघ्याला सांधे; जसं उभं करावं तसं उभं राहणारं काम. लहान पोरांनी आपटायचा हा माल नव्हे. मोठी, कामाधंद्याची, घरसंसाराची माणसं तो जमवतात आणि काचेच्या कपाटात मांडतात. तपासनीस त्यांतलाच एक. घरी त्याचं चार खणी कपाट होतं आणि त्यातली प्रत्येक फिगर त्यानं आधी स्वतः तपासलेली होती. त्याचे सासरे त्यांच्याकडेच राहत. पुढच्या खोलीतल्या पलंगावरून ते कपाट त्यांना दिवसभर समोर दिसे. ते म्हणायचे, "जावईबापू, मुलीचा बाहुल्या खेळायचा नाद सुटला तेव्हा म्हटलं, आता हिचं लग्न करावं. नवरा बघा कसा मिळाला!"

"बाहुल्या नाहीत हो त्या, फिगर आहेत," तो म्हणे.

"बरं, फिगर. जेवायला तर मागत नाहीत ना? मग असू देत."

तपासणीची रीत साधी होती. फिगर हातात घ्यायची, डोळे बघायचे, साच्याची रेघ कुठं फुगली आहे का ते अंगठ्यानं चाचपायचं, सांधे फिरवायचे आणि शेवटी एका उतरत्या पाटीवर उभी करून तीस आकडे मोजायचे. तीस होईपर्यंत उभी राहिली तर पास. मग खोक्यात चिठ्ठी पडायची : तपासणी क्रमांक १४. हा त्याचा नंबर. जप करणाऱ्या माणसाचे ओठ हलावेत तसे त्याचे ओठ दिवसभर आकड्यांवर हलत. घरी दूध तापायला ठेवलं तरी तो मनातल्या मनात तीस मोजायचा.

पुढं तिसाचे वीस झाले, विसाचे दहा. पिवळा ट्रे आला त्या महिन्यात दहाचे पाच झाले. माल मात्र दर वर्षी थोडा थोडा हलका होत चालला होता. चेहऱ्याला पूर्वी अकरा रंग लागायचे, आता चार. गेल्या वर्षीच्या सेनापतीचं डोकं दाढी रंगवून यंदाच्या साधूला बसवलं. आणि गुडघ्यात जी पोलादाची बारीक पिन असायची, तिच्या जागी प्लास्टिकची आली. नव्या फिगर पाटीवर उभ्या राहायच्या, पाच आकडे कसेबसे काढायच्या आणि सहाव्याला गुडघ्यात वाकून बसायच्या.

"उभा राहत नाही आणि म्हणे चालेल!" खोकी भरणारी पॅकिंगमावशी म्हणायची. "देव करो आणि एखादा खरंच चालायला लागो. पहिला साहेबांच्या घरी जाईल."

तो हसायचा नाही. तो शब्द त्याला ऐकवेनासा झाला होता. पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं, "अहो, सकाळचाच भात आहे, चालेल ना?" तर हा ताटावरून उठला. "या घरात तो शब्द नको," म्हणाला. बायको बघतच राहिली. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, मग 'धावेल' म्हणू का?" सगळे हसले. पण त्या दिवसापासून घरात तो शब्द खरोखरच बंद झाला. कुणी काही विचारलं तर तो 'हो' म्हणे किंवा 'नको' म्हणे, मधलं काही नाही.

संग्राहकांचा फोनवर एक गट होता, चारशे माणसांचा. तिथं कुणी खऱ्या नावानं वावरत नसे. तपासनिसानं आपलं नाव 'काचकपाट' ठेवलं होतं. तो कारखान्यात कामाला आहे हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता तर कुणाला कळूच नये अशी त्याची धडपड होती. कारण दुपारच्या सुट्टीत डबा उघडून तो फोन बघायचा आणि तिथं हे असं चाललेलं असायचं.

"माझ्या सेनापतीला दोन्ही पंजे डावेच आहेत."

"माझ्या राणीचा एक डोळा माझ्याकडे, एक खिडकीकडे."

"चिठ्ठीवर नंबर काय आहे?"

"चौदा."

"वाटलंच! हा चौदा नंबर डोळे मिटून बसतो की काय?"

"म्हणून मी खोकं उघडतच नाही," डबाबंद नावाचा एक गृहस्थ लिहायचा. "माझे सगळे उत्तम आहेत."

एकदा त्यानं धीर करून लिहिलं, "चौदा नंबरचा काय दोष? वरून हुकूम असेल." झालं! चहूकडून लोक तुटून पडले. "काय रे काचकपाट, चौदा नंबर तुझा मेहुणा लागतो का?" तो घाबरला. संशय फिटावा म्हणून त्यानं चार दिवसांनी स्वतःच लिहिलं, "खरंच, बेफिकीर माणूस दिसतो." आपल्या हातानं आपल्याच थोबाडीत मारावी तसं ते झालं. डब्यातला घास तोंडात तसाच फिरत राहिला.

या चारशेंत एक घड्याळकाका होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. हात कापायला लागले तसं दुकान बंद केलेलं. तपासनिसाशी त्यांचं सहा वर्षं रोजचं बोलणं होतं. दोन-तीनदा तो त्यांच्या घरी जाऊनही आला होता, काचकपाट म्हणूनच. काकांच्या दुकानातल्या मोठ्या घड्याळावर अठरा वर्षं एक तांबडा पहारेकरी उभा होता. कारखान्यानं काढलेली ही पहिली फिगर. दुकान रिकामं करताना तो खाली पडला आणि सामान उचलणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडला. यंदा कारखाना त्याच पहारेकऱ्याची नवी आवृत्ती काढणार होता. काकांनी पहिल्याच दिवशी दुकानात नाव नोंदवलं.

"मला बाकी काही नको रे," काका फोनवर म्हणाले. "रंग इकडचा तिकडे गेला तरी हरकत नाही. फक्त उभा राहिला पाहिजे. पहारेकरी आहे तो. पहारेकऱ्यानं बसून कसं होईल?"

तपासनिसानं फोन दुसऱ्या कानाला लावला. सकाळीच त्यानं त्या पहारेकऱ्याचे गुडघे पाहिले होते.

"काका," तो बोलून गेला, "तुम्ही ती नोंदणी रद्द करा. माझ्या ओळखीचं एक दुकान आहे, तिथून तुम्हाला निवडून एक चांगला आणून देतो."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी त्याच दिवशी नाव काढून घेतलं. आठवड्यानं सगळ्या नोंदण्या भरल्या आणि बंदही झाल्या. आता काकांना पहारेकरी मिळायचा तर तो तपासनिसाच्या हातूनच मिळणार होता.

नव्या मालातला एक खोका प्रत्येक कामगाराला मिळतो, ही कारखान्याची जुनी पद्धत. आपल्याला हवा तो खोका निवडून त्यात चिठ्ठी उलटी टाकायची, आकडा खाली आणि कोरी बाजू वर. उलटी चिठ्ठी दिसली की पॅकिंगमावशी समजायची, हा घरचा, आणि बाजूला ठेवायची. तपासनिसानं ठरवलं, आपला खोका काकांना द्यायचा. पण आतला पहारेकरी असा करायचा की वीस वर्षांपूर्वीच्याला लाज वाटावी.

पिना कुठून आणायच्या? कोठारात एक उरली नव्हती. रविवारी दुपारी घरातले सगळे कलंडलेले असताना त्यानं कपाट उघडलं आणि स्वतःचा जुना तांबडा पहारेकरी बाहेर काढला. कारखान्यात लागल्यानंतर दोन वर्षांनी निघालेला, त्याच्या हातून पास झालेला पहिला. गरम पाण्यात पाय बुडवून त्यानं गुडघे सैल केले आणि दोन्ही पोलादी पिना काढल्या. तांदळाच्या दाण्याहून बारीक त्या पिना कागदात गुंडाळून डब्याच्या झाकणात ठेवल्या. पहारेकरी आता उभा राहीना. त्यानं त्याला खणात आडवं ठेवलं.

"अहो, हा आडवा का?" बायकोनं संध्याकाळी विचारलं.

"विश्रांती घेतोय."

"वीस वर्षांनी? आमची विश्रांती कधी?"

पुढचे चार दिवस दुपारच्या सुट्टीत त्याचा डबा तसाच राहिला. दोनशे डोक्यांतून त्यानं एक डोकं निवडलं. एकाचं धड, दुसऱ्याचा उजवा पाय, तिसऱ्याचा डावा. चहाच्या कपातल्या गरम पाण्यात गुडघे मऊ करून पिना बसवल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या दोन केसांच्या ब्रशनं पुन्हा रंगवल्या, श्वास रोखून. देवानं त्याच्या बोटांत जी नजर घातली होती तिला कित्येक वर्षांनी काम मिळालं होतं. गुरुवारी त्यानं त्याला उतरत्या पाटीवर उभं केलं आणि तीस मोजले. मग आणखी तीस. मग शंभर. पहारेकरी हलला नाही. त्यानं त्याला खोक्यात बसवलं, चिठ्ठी उलटी टाकली आणि खोका पट्ट्यावर सोडला.

त्या दिवशी पॅकिंगमावशी रजेवर होती. तिच्या जागी गाड्यांच्या विभागातली बाई आली होती, आणि तिच्या विभागात उलट्या चिठ्ठीचा अर्थ वेगळा होता. तिथं उलटी चिठ्ठी म्हणजे वर साहेबांना दाखवायचा नमुना. त्या बाईनं तो खोका जपून, दोन्ही हातांनी धरून, जिना चढून वर नेऊन दिला.

वाटपाच्या दिवशी तपासनिसाच्या हातात खोका आला तेव्हा त्याला वजनावरूनच कळलं. त्यानं झाकण उघडलं. चिठ्ठी सुलटी, चौदा आकडा वर. पहारेकऱ्याला टेबलावर उभं केलं आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. पहारेकरी गुडघे टेकून बसला.

"माझा खोका कुठंय?" त्यानं मावशीला विचारलं. मावशीनं त्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, "अगं बाई, तो घरचा होता का? आमच्यात उलटी चिठ्ठी म्हणजे वर पाठवायचं." आणि लगेच, "पण साहेब काय खूश झालेत म्हणून सांगू!"

साहेब खरंच खूश होते. त्यांनी तपासनिसाला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी तांबडा पहारेकरी ताठ उभा होता. त्याच्या बाजूला कागदांची चळत होती, संग्राहकांच्या तक्रारींची.

"दोन दिवस झाले," साहेब म्हणाले. "पंखा चालू, दार आपटतंय, फोन वाजतोय. हा हलला नाही! आणि हे लोक म्हणतात, प्लास्टिकच्या पिनेनं गुडघे टिकत नाहीत. मी हाच वरच्यांना नेऊन दाखवला, मंजूरही झाला. आता हा आपला पक्का नमुना. तक्रार आली की याचा फोटो पाठवायचा. शिवाय वरचे म्हणाले, माल इतका चांगला निघतोय तर लाल ट्रे कशाला? सोमवारपासून काढून टाका. इथं सही करा, तपासणी क्रमांक चौदा."

तपासनिसानं कागद वाचला. 'सदर नमुना नेहमीच्या मालातून घेतला असून त्यात कोणताही बदल केलेला नाही.' गुडघे गेलेले सासरे त्याच्या डोळ्यांपुढे आले. कारखान्यामागच्या कामगारवस्तीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या आणि नोकरीबरोबरच जाणार होत्या. मुलीची परीक्षा चार महिन्यांवर होती. हे सगळं त्याला दिसत होतं, आणि तरी तो बोलला. कुठून बळ आलं देव जाणे.

"साहेब, हा नेहमीच्या मालातला नाही. मी बनवलाय. पिना पोलादाच्या आहेत, माझ्या घरच्या. डोळे मी रंगवलेत. तुम्ही गुडघा उघडून बघा."

बोलून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. आता काय ते होऊ दे, असं त्याला वाटलं, आणि क्षणभर हलकंही वाटलं.

साहेबांनी पहारेकरी उचलला. गुडघा वाकवून पाहिला, डोळे पाहिले. मग तपासनिसाकडे असं पाहिलं, की तसं बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"हे तुम्ही केलंत? या हातांनी?"

"हो."

"अहो, मग तुम्ही तिकडे ट्रेपाशी काय करताय?" साहेब खुर्चीतून उठले. "खोक्यावरच्या फोटोसाठी, जाहिरातीसाठी आम्ही बाहेरून माणूस बोलावतो आणि तो हे असलं काम देत नाही! आजपासून सगळे नमुने तुम्ही बनवायचे. वेगळी खोली, चांगला दिवा, हवे तितके रंग. पिनासुद्धा मागवू. नमुन्यापुरत्या."

"आणि मालाला?"

"मालाचं काय? मालाला आहे ते आहे." साहेबांनी कागद पुढं सरकवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसा झाला. "बघा, तुम्ही मालात फेरफार केलात हे मला लिहावं लागेल, असं मला वाटत नाही. लिहिलं तर मग पुढचं सगळं आलं, नोकरी, घर. कशाला? सही करा, विषय संपला."

आपण खरं बोललो तर दार तरी उघडेल, बाहेर तरी फेकले जाऊ, असं त्याला वाटलं होतं. त्या खऱ्याचंही साहेबांनी कुलूपच केलं. त्यानं सही केली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. साहेबांनी पहारेकरी उचलून काचेच्या पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि कडेनं लाखेची मोहर केली. आतून तो ताठ उभा राहून बाहेर बघत होता. खरोखर तासाभरानं, बाकीचे जेवायला गेले असताना, दोघं माणसं येऊन तपासनिसाची खुर्ची वर नव्या खोलीत घेऊन गेली.

रविवारी तो घड्याळकाकांकडे गेला. वाटपात मिळालेला पहारेकरी बरोबर होता. काकांनी खोका उघडला. हात कापत होते म्हणून वेळ लागला. चिठ्ठी बाहेर काढून त्यांनी चष्म्याजवळ धरली.

"चौदा नंबर," ते म्हणाले. "आपला जुना दोस्त!"

"काका, चौदा नंबर मी आहे."

काकांनी चष्मा काढला. त्यानं मग सगळं सांगितलं. पिवळा ट्रे, पिना, उलटी चिठ्ठी, साहेब.  सांगून झालं तेव्हा काका उठले आणि कपाटातून चपटी डबी घेऊन आले. डबीत घड्याळाच्या पट्ट्यांच्या पिना होत्या, साऱ्या मापांच्या, पोलादाच्या.

"माझे हात चालत नाहीत. तुझे चालतात. बस."

काकांच्या स्वयंपाकघरात त्यानं पाणी गरम केलं. गुडघे उघडले. प्लास्टिक इतकं मऊ होतं की भोक थोडं फाटलंच, पण काकांनी बोटानं दाखवलेली पिन बरोबर बसली. त्यानं पहारेकऱ्याला भिंतीवरच्या घड्याळावर उभं केलं. दोघं बघत राहिले. तपासनिसाचे ओठ हलत होते. तीस झाले.

"उभा राहिला," काका म्हणाले. आणि मग, "तेवढं एक सांग. त्या कागदावर सही केलीस?"

"केली."

 हात वर करून, कापऱ्या बोटांनी, काकांनी पहारेकऱ्याला थोडंसं वळवलं. त्याचं तोंड आता दाराकडे झालं, जिथून तपासनीस आला होता आणि जिथून आता जाणार होता.

"चहा घेऊन जा," काका म्हणाले, पण त्यानं निरोप घेतला.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. सासरे पलंगावर पाय चोळत होते. कपाटात त्याचा पहारेकरी आडवा होता. गटावर फोटो आला होता, कारखान्यानं स्वतः पाठवलेला. काचेच्या पेटीतला नमुना, चार बाजूंनी. खाली चारशे माणसं विचारत होती, हा असा आहे तर आमचे असे का? डबाबंदनं लिहिलं होतं, "माझाही आत असाच असणार."

त्यानं फोन पालथा ठेवला. बायको ओट्यापाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, दूध संपलंय. बिनदुधाचा चहा करते, घ्याल ना?"

"चालेल," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मुलीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. सासऱ्यांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. सगळे आपल्याकडे का बघताहेत ते त्याला कळेना.